ब्रिटनमधल्या फूड बँका कल्याणकारी राज्याला पूरक आहेत, की त्याची जागा घेत आहेत?

टिपणवही:

नमस्कार. इंग्लंडच्या उत्तर भागातील एका शहरात आम्ही आठ वर्षांपासून राहतो आणि गेली दोन वर्षे मी दर गुरुवारी दुपारी एका फूड बँकेत स्वयंसेवक म्हणून जाते. चर्चच्या सभागृहामागे एक लांबट खोली आहे. लोकांनी सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकलेले डबे आणि पाकिटे तिथे येतात. आलेला माल वजन करून वहीत नोंदवायचा, मग प्रत्येक डब्यावर जाड काळ्या मार्करने मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष लिहायचे, आणि ज्याची मुदत आधी संपते तो डबा फळीवर पुढे ठेवायचा, हे माझे मुख्य काम. बीन्स आणि पास्ता यांना कधी तोटा नसतो. लांब टिकणारे दूध आणि फळांचा रस मात्र नेहमी कमी पडतो.

येणाऱ्या माणसाच्या हातात व्हाउचर असते. ते आम्ही देत नाही. शाळा, डॉक्टरांचा दवाखाना, कौन्सिलचे समाजसेवक किंवा एखादे सल्ला केंद्र यांपैकी कोणीतरी ते भरून दिलेले असते. घरात मोठी माणसे किती, मुले किती आणि अडचणीचे कारण काय, एवढे त्यावर लिहिलेले असते, आणि त्यावरून आम्ही साधारण तीन दिवस पुरेल एवढा शिधा बांधून देतो. मागच्या महिन्यात एका तरुणाला मी नेहमीप्रमाणे विचारले की स्वयंपाकाची सोय आहे ना. त्याने सांगितले की खोलीत फक्त किटली आहे, आणि तीही विजेच्या मीटरमध्ये आगाऊ भरलेले पैसे असतील तेव्हाच चालते. मग मी पिशवीतून पास्ता काढून घेतला, उकळते पाणी ओतून होणारी पाकिटे भरली, आणि डबा फोडायचे साधनही त्याच्याकडे नसेल म्हणून झाकणाला कडी असलेले डबे निवडून दिले. त्याच्या व्हाउचरवर कारणाच्या रकान्यात लिहिले होते की युनिव्हर्सल क्रेडिटची, म्हणजे कमी मिळकतीच्या किंवा बेकार लोकांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याची, पहिली रक्कम यायची आहे.

तो रकाना मी तेव्हापासून नीट वाचू लागले आहे. ज्या रकमेवर त्या तरुणाचा हक्क आहे हे सरकारलाच मान्य आहे, ती हाती येईपर्यंतचे दिवस आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेल्या डब्यांनी ढकलत होतो. मला या कामाचा कंटाळा आलेला नाही, आणि ते सोडण्याचाही विचार नाही. परंतु आमच्यासारखे लोक फळ्या भरून ठेवतात म्हणूनच सरकारला ही वाट पाहायला लावणे परवडते का, हा प्रश्न मनातून जात नाही. या देशाने एके काळी दारिद्र्य हे दानावर सोपवायचे नाही असे ठरवले होते, असे वाचले आहे. मग हे केव्हा आणि कसे बदलले? आणि यात आमच्यासारख्यांची जागा नेमकी कोणती? ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे किंवा ज्यांनी या यंत्रणेत काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.


खडूफळा:

टिपणवही, मी सामाजिक धोरण हा विषय शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे मास्तरी वळणाचे होईल, ते सांभाळून घ्यावे.

भाकरीच्या मापाने मदत मोजण्याची पद्धत ब्रिटनला नवी नाही. १७९५ मध्ये बर्कशायरमधील स्पीनहॅमलंड येथे स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी असे ठरवले की, मजुराची कमाई पावाच्या भावाच्या मानाने अपुरी पडली, तर पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या स्थानिक विभागाच्या, करातून तिच्यात भर घालायची. पाव महागला की मदत वाढायची आणि घरात तोंडे जास्त असली तरीही वाढायची. या पद्धतीवर पुढे जोरदार टीका झाली आणि १८३४ च्या गरीब कायद्याने धडधाकट माणसाला घरबसल्या मदत देणे थांबवून त्याला वर्कहाउसचा, म्हणजे राहायला जागा देऊन काम करवून घेणाऱ्या गरीबखान्याचा, दरवाजा दाखवावा असे धोरण आणले. तिथले जीवन बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जीवनापेक्षाही हलाखीचे असले पाहिजे, हे त्या कायद्यामागचे उघड सूत्र होते. खासगी दानधर्मही त्याच चालीवर चालला. १८६९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन चौकशी करत आणि मदतीला लायक कोण व नालायक कोण याची वर्गवारी करत.

सामाजिक विम्याची योजना मांडणारा १९४२ चा बेव्हरिज अहवाल वाचताना ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवावी लागते. अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी या पाच राक्षसांचा त्याने केलेला उल्लेख सर्वांना ठाऊक असतो, पण माझ्या मते त्याची खरी कामगिरी कमी नाट्यमय आहे. कमावत्या दिवसांत प्रत्येकाने विम्याचा हप्ता भरायचा आणि अडचणीच्या दिवसांत, घरात डोकावणारी कोणतीही चौकशी न होता, ठरलेली रक्कम रोख घ्यायची, ही ती व्यवस्था. ५ जुलै १९४८ रोजी ती अमलात आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या पहिल्याच कलमात जुना गरीब कायदा यापुढे लागू राहणार नाही असे एका ओळीत सांगून टाकलेले आहे. मी विद्यार्थ्यांना ती ओळ मोठ्याने वाचायला लावतो, कारण कायद्याच्या भाषेत इतका मोकळा श्वास क्वचितच ऐकू येतो.

मात्र त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचेही कारण नाही. १९४८ मध्ये एकट्या माणसाचा आठवड्याचा विमा भत्ता २६ शिलिंग ठरला. त्यात घरभाडे भागत नसल्यामुळे लक्षावधी लोकांना वरून साहाय्य मागावे लागले, आणि ते मात्र मिळकतीची चौकशी करूनच मिळत असे. हळूहळू नाहीसे होईल म्हणून ठेवलेले हे साहाय्य उलट वाढतच गेले. तरीही एक गोष्ट टिकून राहिली, ती म्हणजे मदत रोख मिळत होती आणि त्या पैशांचे काय घ्यायचे हे घेणारा माणूस दुकानात उभा राहून स्वतः ठरवत होता. पुढची पाच दशके सरकारे आली आणि गेली, भत्त्यांची नावे बदलली, पण भुकेसाठी देशव्यापी दानसंस्था उभारावी लागेल असे कोणाच्या फारसे मनात आले नाही.

फूड बँक ही कल्पना मुळात अमेरिकेतली. १९६७ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स येथे जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक सुरू केली आणि १९८१ मध्ये ती कल्पना कॅनडातील एडमंटनला पोहोचली. ब्रिटनमध्ये २००० साली सॉल्सबरी येथे कॅरोल आणि पॅडी हेंडरसन या दांपत्याने आपल्या बागेतील शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये शिधा साठवून सुरुवात केली. त्यांची ट्रसेल ट्रस्ट ही संस्था तोवर बल्गेरियातील मुलांसाठी काम करत होती. गावातल्याच एका आईने, आज माझी मुले उपाशी झोपणार आहेत, असे कळवल्यावर त्यांचे लक्ष घराकडे वळले. हे वर्ष लक्षात घ्यावे. तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते, बेकारी कमी होती आणि सरकारी खर्चातील कपातीचे पर्व सुरूही झालेले नव्हते. म्हणजे फूड बँकेचा जन्म कपातीतून झाला असे म्हणणे चूक ठरेल. तिची वाढ कशातून झाली, हा वेगळा प्रश्न आहे.

ट्रसेलच्या जाळ्यातून २०१०-११ मध्ये सुमारे ६१,००० लोकांना आणीबाणीचा शिधा मिळाला. २०१३-१४ मध्ये हा आकडा ९ लाखांवर गेला, २०१९-२० मध्ये शिध्याची पुडकी १९ लाख झाली आणि २०२३-२४ मध्ये ३१ लाखांच्या वर पोहोचली. यात ट्रसेलबाहेरच्या, स्वतंत्रपणे चालणाऱ्या फूड बँका धरलेल्या नाहीत, आणि त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे. मधल्या काळात काय काय झाले ते पाहावे. २०११ पासून जॉबसेंटरमधील, म्हणजे सरकारी रोजगार व भत्ता कार्यालयांतील, कर्मचाऱ्यांना फूड बँकेचा रस्ता दाखवण्याची मुभा मिळाली. आम्ही कोणाला पाठवत नाही, फक्त माहिती देतो, अशी संबंधित खात्याची भूमिका असते, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला हा फरक किती कळत असेल याची मला शंका आहे. २०१२ च्या कल्याण सुधारणा कायद्याने अटी मोडल्याबद्दल भत्ता रोखण्याची शिक्षा, जिला सर्वजण सँक्शन म्हणतात, अधिक कडक केली. एप्रिल २०१३ मध्ये घरात एखादी खोली जास्त असल्यास घरभाड्याची मदत कापणे सुरू झाले, भत्त्यांची वार्षिक वाढ एका टक्क्यावर आणली गेली, आणि २०१६ पासून चार वर्षे कामाच्या वयातील लोकांचे बहुतेक भत्ते गोठवले गेले. २०१७ मध्ये तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठीची रक्कम बंद झाली.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की राज्य माघारी गेलेले नाही, कारण ते आजही या क्षेत्रात प्रचंड पैसा खर्च करते. त्याने बदलला आहे तो तळ. जिथपर्यंत माणसाला खाली जाऊ द्यायचे नाही असे १९४८ मध्ये ठरवले होते, तो तळ आता सरकारी नियमावलीत सापडत नाही. तो तुमच्या चर्चच्या मागच्या खोलीत आहे.


सुकाणू:

खडूफळा सरांनी इतिहास सांगितला, मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूचे सांगतो. मी एका सल्ला केंद्रात भत्त्यांसंबंधी सल्ला देण्याचे काम करतो. म्हणजे टिपणवहीताईंच्या हाती येणारी व्हाउचर भरणाऱ्यांपैकी मी एक आहे.

त्या तरुणाच्या बाबतीत काय घडले असेल हे मी त्याला न पाहता सांगू शकतो. युनिव्हर्सल क्रेडिटसाठी अर्ज केला की आधी एक पूर्ण महिना हिशेबाचा जातो. त्या महिन्यात तुमची कमाई किती झाली ते पाहून रक्कम ठरते, आणि त्यानंतर साधारण सात दिवसांत ती खात्यात पडते. अशा रीतीने सर्व काही वेळेवर झाले तरी पहिला पैसा पाच आठवड्यांनी दिसतो. नोकरदाराला पगार महिन्याने मिळतो, तेव्हा भत्ताही महिन्याने द्यावा म्हणजे शिस्त लागेल, असा त्यामागचा विचार सांगितला जातो. पण ज्याच्या शेवटच्या नोकरीत पगार आठवड्याला मिळत होता आणि तो भाड्यात संपला, त्याच्याजवळ हे पाच आठवडे काढायला काहीही नसते.

यावर सरकारचे उत्तर म्हणजे उचल. पहिल्या दिवसापासून महिन्याच्या अंदाजित रकमेइतकी उचल मागता येते आणि ती चोवीस महिन्यांत भत्त्यातून वळती होते. २०२५-२६ मध्ये पंचविशीवरच्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता महिन्याला ४००.१४ पौंड होता, म्हणजे आठवड्याला सुमारे ९२ पौंड. पूर्ण उचल घेतली तर त्यातून दरमहा १६-१७ पौंड दोन वर्षे जात राहतात. शिवाय जुन्या भत्त्याची जादा दिलेली रक्कम किंवा विजेची थकबाकी असेल तर तीही इथूनच कापली जाते. एप्रिल २०२५ पर्यंत अशी कपात मूळ भत्त्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होती. तेव्हापासून ती सर्वसाधारणपणे पंधरा टक्क्यांवर आणली आहे, आणि हा बदल खरोखर चांगला झाला हे मी मोकळेपणाने सांगतो. तरीही पंधरा टक्के म्हणजे चारशेतले साठ पौंड. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकजण उचल नाकारतात ते आडमुठेपणामुळे नव्हे. कर्जाने पोळलेला माणूस आणखी एका हप्त्याला भितो आणि त्यापेक्षा पिशवी हाती धरणे पसंत करतो.

पूर्वी अशा वेळी एक दुसरा रस्ता होता, त्याची आठवण आता फार कमी जणांना आहे. सोशल फंड या सरकारी निधीतून आणीबाणीचे कर्ज मिळत असे. त्यावर व्याज नसे आणि ते रोख हाती पडे. एप्रिल २०१३ मध्ये ती योजना बंद करून जबाबदारी इंग्लंडमधील कौन्सिलांवर टाकली गेली. त्यासाठी राखीव निधीचे बंधन घातले नाही आणि अशी योजना चालवलीच पाहिजे असेही कायद्यात म्हटले नाही. स्कॉटलंड आणि वेल्स यांनी आपापले राष्ट्रीय निधी उभे केले. इंग्लंडमध्ये काही कौन्सिलांनी योजना चालू ठेवली, काहींनी रोख रकमेऐवजी वस्तू आणि व्हाउचर देण्यास सुरुवात केली, आणि काहींनी ती गुंडाळून ठेवली. पूर्वी ज्याला मी फोनवरून चाळीस-पन्नास पौंडांचे कर्ज मिळवून दिले असते, त्याला आता मी फूड बँकेचा पत्ता देतो. २०२१ पासून कौन्सिलांना अडचणीतल्या घरांना मदत करण्यासाठी हाउसहोल्ड सपोर्ट फंड हा सरकारी निधी मिळू लागला, पण तो दर वेळी काही महिन्यांपुरता वाढवला जाई, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात तो असेल की नाही हे सांगता येत नसे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या टेबलावर बऱ्याचदा दोन कागद शेजारी-शेजारी असतात. डावीकडे भत्ता नाकारल्याविरुद्धचा फेरविचाराचा अर्ज आणि उजवीकडे फूड बँकेचे व्हाउचर. डावीकडच्या कागदाला तारीख असते, क्रमांक असतो, निर्णय देणाऱ्याला कारणे लिहावी लागतात, फेरविचारात न्याय मिळाला नाही तर स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे जाता येते, आणि अपंगत्वाच्या भत्त्याच्या बाबतीत सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या बाजूने निकाल लागतो. उजवीकडच्या कागदाला यातले काहीही नाही. शिधा कमी मिळाला, केंद्र त्या दिवशी बंद होते, फळ्या रिकाम्या होत्या, किंवा सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त व्हाउचर झाली म्हणून थोडी चौकशी झाली, तर दाद कोणाकडे मागणार? मागूही नये, कारण समोरचा माणूस स्वतःचा गुरुवार देऊन उभा आहे. पण नेमके हेच मला खटकते. डावीकडचा कागद भरायला दीड तास लागतो आणि उजवीकडचा चार मिनिटांत होतो. बाहेर रांग असली की कोणता कागद आधी भरला जातो, हे सांगायला नको. माझ्याकडूनही ते झालेले आहे.


हिशेबनीस:

मी यातला तज्ज्ञ नाही, करदाता आहे आणि सुपरमार्केटच्या त्या टोपलीत दर शनिवारी दोन डबे टाकणारा आहे. वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत हे मान्य करून थोडा विरोधी सूर लावतो.

पहिली गोष्ट, फूड बँकांची वाढ हा भत्ते कापल्याचाच परिणाम असेल, तर जर्मनीचे काय? तिथली सामाजिक सुरक्षा ब्रिटनपेक्षा उदार मानली जाते, तरी १९९३ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या टाफेल या अन्नवाटप संस्थांची संख्या आज नऊशेच्या पुढे आहे. फ्रान्समध्ये १९८५ पासून रेस्तो द्यु कर ही गरजूंना अन्न देणारी केंद्रे चालू आहेत आणि २०१६ च्या कायद्याने मोठ्या सुपरमार्केटना न विकले गेलेले खाण्याजोगे अन्न नष्ट करण्यास मनाई करून ते संस्थांना देण्याचा करार करायला लावले. याचा अर्थ या वाढीला आणखीही कारणे असली पाहिजेत. अतिरिक्त अन्नाची विल्हेवाट हे त्यातले एक कारण आहे. दुसरे असे की, सोय उभी राहिली की ती वापरणारेही पुढे येतात. २०१३ मध्ये एका मंत्र्यांनी संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात फुकट वस्तूला जवळजवळ अमर्याद मागणी असते अशा अर्थाचे विधान केले, तेव्हा त्यांच्यावर सगळे तुटून पडले होते, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो प्रश्न विचारण्यात गैर काय?

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कोणतेही सरकारी कार्यालय टिपणवहीताईंसारखा किटलीचा प्रश्न विचारणार नाही. नियमाने चालणारी यंत्रणा सर्वांना समान वागवते, म्हणूनच ती एकेकाकडे पाहू शकत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी काही करणे ही गोष्ट राज्याने आपल्या अंगावर घेतली तर ती उरेल का, अशी मला शंका आहे. सगळे हक्काने मिळाले पाहिजे असे म्हणताना आपण दानाला उगाच कमीपणा आणतो आहोत का, याचाही विचार व्हावा.


खडूफळा:

हिशेबनीस, जर्मनी आणि फ्रान्सबद्दल तुमचे म्हणणे रास्त आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात ते यायला हवे होते. उरलेल्या अन्नाचे वितरण आणि भुकेलेल्यांना मदत या दोन वेगळ्या गोष्टी एकाच ट्रकमध्ये बसवल्या गेल्या, आणि त्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी वाटू लागली, असे मलाही वाटते. ब्रिटनमध्ये उरलेल्या अन्नाच्या वितरणाचे काम प्रामुख्याने फेअरशेअर ही संस्था करते; ट्रसेलच्या फळ्या मात्र मुख्यतः तुमच्यासारख्यांच्या दोन डब्यांवर भरतात.

पुरवठ्यामुळे मागणी वाढते हे म्हणणे मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. २०२२-२३ च्या सरकारी कुटुंब पाहणीनुसार ७२ लाख लोक अशा घरांत राहत होते जिथे पुरेसे अन्न मिळण्याची शाश्वती नव्हती, आणि त्या वर्षात फूड बँक वापरलेल्या घरांतील लोकांची संख्या होती सुमारे २३ लाख. फुकट वस्तूला अमर्याद मागणी असती तर हे प्रमाण उलटे दिसले असते. ज्यांना गरज आहे त्यांपैकी बहुसंख्य लोक तिथे पाऊलच टाकत नाहीत, कारण लाज आड येते, अंतर आड येते, किंवा व्हाउचर कोणाकडे मागायचे हे ठाऊक नसते. शिवाय फेब्रुवारी २०१९ मध्ये कल्याण खात्याच्या तत्कालीन मंत्री अँबर रड यांनीच संसदेत मान्य केले की युनिव्हर्सल क्रेडिट सुरू करताना लोकांना वेळेवर पैसे मिळण्यात आलेल्या अडचणी हे फूड बँकांचा वापर वाढण्यामागचे एक मुख्य कारण असू शकते. त्यापूर्वी, डिसेंबर २०१४ मध्ये, खासदार फ्रँक फील्ड आणि ट्रुरोचे बिशप यांच्या अध्यक्षतेखालील सर्वपक्षीय चौकशीनेही भत्त्यांतील दिरंगाईकडे बोट दाखवले होते.

दानाला कमीपणा आणण्याचा हेतू नाही. किटलीचा प्रश्न सरकारी कार्यालय विचारणार नाही हे खरे आहे, पण भत्ता वेळेवर आणि पुरेसा मिळाला असता तर तो प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती, हेही तितकेच खरे आहे. शेजारधर्माला करण्यासारखे पुष्कळ काही उरतेच. एकट्या माणसाला दवाखान्यात सोबत करणे, फॉर्म वाचून दाखवणे, नुसते बोलत बसणे, ही कामे कोणताही भत्ता करू शकत नाही. खुद्द ट्रसेलने आपले उद्दिष्ट फूड बँकांची गरजच संपवणे हे असल्याचे जाहीर केलेले आहे, आणि मूळ भत्ता जीवनावश्यक गोष्टींच्या खर्चाखाली जाऊ नये अशी हमी कायद्यात असावी, ही मागणी ती दारिद्र्याचा अभ्यास करणाऱ्या जोसेफ राउंट्री फाउंडेशनच्या बरोबरीने करते. आपले दुकान बंद व्हावे म्हणून झटणारी संस्था दानाचा अपमान करते आहे असे मला वाटत नाही.


सुकाणू:

एक व्यावहारिक भर. स्वतंत्र फूड बँकांच्या संघटनेने काही वर्षांपूर्वी प्रथम स्कॉटलंडमध्ये आणि नंतर इतरत्र एक साधे माहितीपत्रक काढले. आधी पैसा, मग शिधा, असा त्याचा रोख आहे. माणूस आला की प्रथम हे पाहायचे की त्याचा कोणता भत्ता राहिला आहे का, कौन्सिलच्या निधीतून रोख मदत मिळण्याजोगी आहे का, कपात कमी करून घेता येते का, आणि कोणत्या सल्ला केंद्राला आज फोन लावायचा. हे होईपर्यंत पिशवी द्यायची, पण पिशवीवर प्रकरण बंद करायचे नाही. स्कॉटलंडमध्ये तर सरकारनेच हे धोरण म्हणून स्वीकारले आहे. २०२१ मध्ये तिथे गरीब घरांतील मुलांसाठी वेगळा भत्ता सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२२ पासून तो सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आठवड्याला २५ पौंड करण्यात आला. त्यानंतर त्यात महागाईनुसार वाढही होत आली आहे. ट्रसेलच्या अनेक केंद्रांतही आता सल्लागार येऊन बसतात. टिपणवहीताई, तुमच्या इथे अशी सोय नसेल तर समन्वयकांकडे विषय काढून पाहावा. आमच्यासारख्या केंद्रांना आठवड्यातून दोन तास माणूस पाठवणे जड जाते, पण अशक्य नसते.


टिपणवही:

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशीलवार वाचायला मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

सुकाणू, तुमचे ते दोन कागद वाचल्यावर मी मागच्या गुरुवारी जुन्या व्हाउचरचा गठ्ठा समन्वयकांच्या परवानगीने चाळला. नावे न पाहता फक्त कारणाचा रकाना पाहिला. काही ठिकाणी घर सोडावे लागले, कर्ज, आजारपण असे लिहिलेले होते. पण भत्ता उशिरा, भत्ता बदलला, भत्ता थांबला, भत्त्यातून कपात, ही कारणे इतक्या वेळा आली की मी मोजणे सोडून दिले. हे कागद महिन्याअखेरीस संगणकात भरले जातात, हे मला माहीत होते. भरल्यावर त्यांचे काय होते, ते मी कधी विचारलेच नव्हते. आता विचारले, तेव्हा कळले की ते एकत्र करून मुख्यालयाकडे जातात आणि आपल्या भागाचे आकडे हवे असतील तर खासदारांनाही दाखवता येतात. आमच्या केंद्राने ते आजवर केलेले नव्हते. हिशेबनीस, तुमच्या म्हणण्यातले शेजारधर्माचे मला पटते, आणि म्हणूनच तर मी तिथे जाते. पण त्या गठ्ठ्यात शेजाऱ्याने सोडवण्यासारख्या अडचणी थोड्या होत्या.

समन्वयक सल्लागाराच्या कल्पनेला तयार आहेत. अडचण जागेची निघाली. एकांतात बोलायला खोली नाही, आणि पैशांची गोष्ट कोणी पास्त्याच्या फळीपुढे उभे राहून सांगणार नाही. सभागृहाच्या व्यासपीठामागे खुर्च्या रचून ठेवण्याची एक कोठडी आहे, ती रिकामी करायचे ठरले आहे. खुर्च्या कुठे हलवायच्या, यावर चर्चच्या समितीत दोन बैठका झाल्या असून तिसरी येत्या मंगळवारी आहे. सुकाणू, सल्लागाराला बसण्यासाठी टेबल आणि इंटरनेट यांखेरीज आणखी काय लागते, आणि गोपनीयतेसाठी कोणते कागद आधी तयार ठेवावे लागतात, तेवढे कृपया सोमवारपर्यंत कळवाल का?